सैल उभे राहा

आमच्या दुकानात कोणी माप द्यायला उभं राहिलं की पहिल्यांदा पोट आत ओढतं. पुरुष तर हमखास. छाती पुढे, खांदे वर, श्वास कोंडलेला, जणू शर्ट शिवायचा नाही, पुतळाच बसवायचाय. त्या मापाने कपडा शिवला की तोच माणूस आठवड्याने तोंड वाकडं करून परत येतो आणि बटण लागत नाही याचं खापर आमच्या कात्रीवर फोडतो. म्हणून माझ्या नवऱ्याने एक युक्ती काढली होती. टेप गळ्यातच ठेवायची आणि आधी माणसाला बोलतं करायचं. त्याच्या सासऱ्यांची तब्येत विचारायची, नाहीतर स्वतःचीच एखादी फजिती सांगायची. माणूस हसला की पोट आपोआप जागेवर येतं, आणि तेवढ्यात टेप फिरवायची. टेपच्या आत दोन बोटं ठेवायची, म्हणजे कपड्यात श्वास घ्यायला जागा राहते. लग्न होऊन मी या दुकानात आले तेव्हा त्यांनी मला सगळ्यात आधी हे शिकवलं.

लोक त्यांना मास्तर म्हणतात. चारचौघांत मीही तेच म्हणते. कापड बेतायचं त्यांनी आणि शिवायचं मी, अशी आमची वाटणी आहे. भांडण मात्र दोघांत समसमान. मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कोणी सांगायला नको. गिऱ्हाईक टिकतं ते मास्तरांच्या गोड बोलण्यावर.

हा माणूस एके दिवशी कोटाला इस्त्री करता करता उभ्याउभ्या कोसळला. इस्त्री एकीकडे, हे एकीकडे. मला वाटलं, सकाळी न खाता कामाला लागले म्हणून चक्कर आली असेल, आणि ते शुद्धीवर यायच्या आधीच मी त्यांना बोलायला सुरुवात केली. दवाखान्यात कळलं की दुखणं हृदयाचं आहे, पण नेहमी ऐकतो तसं नळ्या तुंबण्याचं नाही. हृदयाच्या स्नायूलाच सूज होती. शरीरातली जी फौज बाहेरच्या रोगाशी लढायची, तीच घरच्या माणसावर उलटली होती आणि हृदयाच्या भिंतीत बारीक बारीक गाठी करून बसली होती. सूज ओसरली तरी तिथे वण राहायचा. त्या वणातून मधूनच ठोक्यांचा असा धुमाकूळ सुरू व्हायचा की हृदय नुसतं धडधडत सुटायचं आणि रक्त पुढे ढकलायचं राहून जायचं. हे सगळं आम्हाला समजेल असं सांगितलं ते ठोक्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्या पदाचं नाव भलतंच लांब होतं. आमच्या घरात त्या ठोकेबाई झाल्या त्या कायमच्या.

ठोकेबाईंनी सूज उतरायच्या गोळ्या सुरू केल्या आणि मास्तरांच्या डाव्या खांद्याजवळ, कातडीच्या आत, एक डबी बसवली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. ठोके भरकटले की ही डबी आधी गोडीगुलाबीने त्यांना ताळ्यावर आणायचं बघणार, आणि नाहीच ऐकलं तर आतून विजेचा झटका देणार. झटका जोरात लागतो, बाई म्हणाल्या, पण त्यानेच जीव वाचतो. मास्तरांनी मान डोलावली. मीही डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

डबीवर शर्टाची शिवण घासायची म्हणून मी त्यांच्यासाठी एक सैल शर्ट शिवायचं ठरवलं. फिकट निळं सुती कापड काढलं. मास्तरांना दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभं केलं, छातीभोवती टेप फिरवली, आत दोन बोटं सरकवली, आणि तेवढ्यात डबीने पहिला झटका दिला.

मास्तर ओरडून मागे फेकले गेले आणि कटिंगच्या टेबलावर आदळले. माझ्या बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं, बस, त्यापलीकडे काही नाही. पण मी घाबरून किंचाळले, आणि ती किंचाळी त्यांच्या डोक्यात कायमची घर करून बसली. त्यांना वाटलं, वीज त्यांच्यातून माझ्यात गेली. ठोकेबाईंनी दहादा सांगितलं की दुसऱ्याला त्या झटक्याने काही होत नाही, फार तर जरा चुणचुण लागते. मास्तर ऐकून घ्यायचे, हो म्हणायचे, आणि घरी आले की माझ्यापासून हातभर लांब बसायचे. महिना उलटायच्या आत त्यांनी आपली घडीची खाट दुकानात नेली. दुकान खाली, घर वर. लेकीने विचारलं तर म्हणाले, जिना चढवत नाही. जिना ते चढायचे. जेवायला, अंघोळीला, पेपर वाचायला चढायचे. फक्त झोपायला चढायचे नाहीत.

पुढचं वर्षभर आमच्या नाकी नऊ आले. झटके एकेकटे येईनासे झाले, एकामागून एक यायला लागले. एक झाला की सावरायच्या आत दुसरा, मग तिसरा, आणि मास्तर पूर्ण शुद्धीत. ठोकेबाई त्याला वादळ म्हणायच्या. एका वादळात मी त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी होते, आणि ते हात वर करून मला जवळ येऊ नको म्हणत होते. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता.

गोळ्या वाढवल्या, बदलल्या. मांडीतून बारीक वायर हृदयापर्यंत नेऊन वण आतून जाळायचा उपायही झाला, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा ठोकेबाई तास न् तास उभ्या होत्या. पण बिघडलेली जागा भिंतीच्या ऐन मध्यात, खोल होती. आतून जाळलं तर तिथवर धग पोचत नव्हती. छाती उघडून काही करावं एवढी ताकद मास्तरांच्या हृदयात उरली नव्हती. दुसऱ्या वेळी बाहेर आल्यावर बाईंनी मला बाजूला बसवलं आणि स्वच्छ सांगितलं की अशी आणखी वादळं हे हृदय सोसेलच असं नाही. मला धीर देण्यासाठी त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणून त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग त्यांनीच वेगळी वाट काढली. कर्करोगाच्या गाठीवर जे किरण टाकतात, तेच किरण एकदाच, अगदी नेमके, त्या वणावर टाकायचे. चिरा नाही, वायर नाही, भूल नाही. माणूस नुसता पडून राहणार, आणि यंत्र त्याच्याभोवती फिरत बाहेरून आतल्या जागेवर काम करणार. हे फारसं जुनं नाही, बाई म्हणाल्या. सुजेच्या दुखण्यात तर अगदी मोजक्या लोकांवर झालंय. किरणांनी सूज पुन्हा भडकेल का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फुप्फुसाला, अन्ननलिकेला थोडा त्रास होऊ शकतो. म्हणून आधी सूज पूर्ण निवलीय ना ते तपासू, आणि मगच. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की ते यंत्र चालू असताना माझी बायको खोलीत नसेल ना. नसेल, बाई म्हणाल्या, कोणीच नसेल. मग चालेल, म्हणाले.

पुढचे काही दिवस मोजमापाचे गेले, आणि त्यात मास्तरांना बऱ्याच दिवसांनी रस वाटला. किरणांचा विभाग तळमजल्यावर होता. लांब बोळ, पायांखाली कुरकुरणारी फरशी, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या. तिथे काम करणारी एक तंत्रज्ञ बाई होती, आमच्या लेकीच्या वयाची, कानामागे कायम मार्कर खोचलेला. त्या मार्करने ती मास्तरांच्या छातीवर आणि कुशीवर बारीक रेघा आणि फुल्या काढायची. बेतायच्या आधी कापडावर खडूने खुणा करतात तशा. मास्तरांनी लगेच तिचं नाव खडूताई ठेवलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण पुढे ती फोनवर स्वतःच तसं म्हणायला लागली.

संगणकाच्या पडद्यावर त्यांनी आम्हाला हृदय दाखवलं. त्यात बिघडलेली जागा लाल रंगवलेली, आणि तिच्याभोवती थोडी जास्तीची रेघ. श्वासाबरोबर हृदय हलतं, म्हणून एवढी जागा धरावी लागते, असं किरणांच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे माया ठेवलीत, मास्तर म्हणाले. शिवणीत आम्ही जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात, हे मी डॉक्टरांना समजावलं. पण फार सोडता येत नाही, डॉक्टर म्हणाले, शेजारी चांगला भाग आहे. म्हणून मापाच्या वेळी आणि किरणांच्या वेळी पडून राहणं अगदी सारखं हवं.

त्यासाठी साचा होता. बारीक मण्यांनी भरलेली एक मोठी, मऊ पिशवी. तिच्यावर माणसाने झोपायचं, हात डोक्यावर घ्यायचे, खडूताईने पिशवी चारी बाजूंनी अंगालगत दाबायची, आणि मग पंपाने आतली हवा ओढायची. पिशवी दगडासारखी टणक होते आणि त्या माणसाचा आकार धरून राहते. पुढे यंत्राखाली त्याच साच्यात झोपायचं. साचा झाल्यावर मास्तर त्यावरून हात फिरवत म्हणाले की असं एक आमच्या दुकानात असतं तर अर्धी भांडणं वाचली असती. मी मनात म्हटलं, चला, चेष्टा करण्याइतका माणूस जिवंत आहे.

किरणांच्या दिवशी त्यांना मन शांत राहायची एक गोळी दिली आणि आत नेलं. मी बोळात बसले. मला हात रिकामे ठेवून बसता येत नाही. शेजारच्या ट्रॉलीवर पेशंटांचे धुतलेले गाऊन होते, आणि ते मी उलटसुलट करून पाहिले. कोणी शिवले होते देव जाणे. नाड्या नुसत्या टोचून ठेवलेल्या, एका धुण्यात सुटतील अशा. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच. मी एकेक गाऊन मांडीवर घेऊन नाड्या पक्क्या करायला लागले. तिथल्या एका नर्सने पाहिलं आणि आणखी चार आणून दिले.

पाचवा गाऊन हातात होता तेव्हा दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. किरण टाकलेच नव्हते. टाकायच्या आधी यंत्र छातीच्या आतला एक फोटो घेतं आणि ठरवलेल्या जागेशी ताडून बघतं. जागा जुळत नव्हती. फरक थोडाच होता, पण ठेवलेल्या मायेच्या बाहेर जाणारा. किरणांच्या डॉक्टरांनी सांगितलं, असं जवळपास बघून मी किरण टाकणार नाही. साचा नवा करू, मापं नव्याने घेऊ. तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

मास्तर माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले. मग म्हणाले, "अगं, एवढं सोपं काम होतं. नुसतं पडून राहायचं. तेही मला जमलं नाही." मला त्यांचा हात धरायचा होता. त्यांनी तो आधीच काखेत दडवला होता.

चूक कशी झाली ते खडूताईने शोधून काढलं. तिने आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारीशेजारी ठेवले. पहिल्या वेळी मास्तरांचे खांदे वर चढलेले होते, पोट आत, बरगड्या ताणलेल्या. दुसऱ्या वेळी गोळीमुळे ते सैल पडले होते, आणि सैल मास्तर त्या आखडलेल्या मास्तरांच्या साच्यात बसत नव्हते. ती म्हणाली की पहिल्या दिवशी तिने पिशवी छातीजवळ दाबली तेव्हाच ते एकदम ताठले होते. तिला वाटलं होतं, त्यांचं अंगच तसं आहे.

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर लोकांना सैल उभे राहा, पोट ओढू नका असं सांगणारा माणूस स्वतःचं माप देताना पोट ओढून झोपला होता. आणि का, तेही मला ठाऊक होतं. छातीला कोणाचा हात लागला की झटका येतो, हे त्यांच्या अंगाने पाठ करून ठेवलं होतं. आता त्या पोरीला आपल्यामुळे झटका बसेल, या भीतीने ते दगड झाले होते.

साचा पुन्हा करायचा ठरला. गोळी देऊन करावा, तर रक्तदाब आधीच खाली आला होता, आणि डॉक्टरांना पुन्हा औषध नको होतं. खडूताईने बिनगोळीचा प्रयत्न केला. मी बाहेरून ऐकत होते. ती मऊ आवाजात म्हणत होती, सैल सोडा, सैल सोडा. सैल सोड म्हटल्याने जगात कोणी सैल सुटलं असतं तर मास्तरांना युक्ती कशाला काढावी लागली असती. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "काकू, इथे किरण नाहीत, तुम्ही आत या. तुम्हाला त्यांची सवय आहे. ते कशाने मोकळे होतात, तुम्हीच सांगा."

मी आत गेले. मास्तर त्या पिशवीवर उताणे, हात डोक्यावर, छातीभर तारा चिकटवलेल्या, डोळे छताला लागलेले. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, लांब उभी राहा. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या डोक्याशी बसले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. हसताना वादळ उठलं तर काय, हा विचार डोक्यात होताच. पण ठोकेबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

मी खडूताईला बँडमास्तरांच्या कोटाची गोष्ट सांगायला लागले. ही मास्तरांची ठेवणीतली फजिती. आमच्या लग्नाच्या आधीची, हजार गिऱ्हाइकांना सांगितलेली. एका बँडच्या म्होरक्यासाठी त्यांनी झकास लाल कोट बेतला होता, आणि घाईघाईत दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. मी सांगितलं की दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"उजव्या," छताकडे बघत मास्तर म्हणाले.

डाव्या, मी म्हटलं, मला चांगलं आठवतं.

"तुला काय आठवतं? तू होतीस कुठे तेव्हा? उजव्या होत्या. म्हणून तर त्याचा डावा हात सारखा मागे वळायचा."

मी खडूताईला सांगितलं की त्यांचं ऐकू नको, वयोमानाप्रमाणे विसरायला होतं. आणि कोट निळा होता. आता मास्तरांना राहवेना. कोट लाल होता, सोनेरी बटणांचा, आणि बँडमास्तर काही न बोलता तो घालून कार्यक्रमाला उभा राहिला, आणि डावा हात वर करायला गेला की कोटच त्याला गर्रकन फिरवायचा, आणि वाजवणाऱ्यांना वाटलं ही नवी खूण आहे, म्हणून ढोलवाला प्रत्येक वेळी जोरात दणका द्यायचा. सांगता सांगता त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. वर्षभरात मी ते हसू ऐकलं नव्हतं. खडूताई पिशवी दाबत होती आणि तीही हसत होती, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांच्या लक्षातही आलं नाही. हसू ओसरलं, एक लांब श्वास बाहेर पडला, खांदे खाली उतरले, पोट जागेवर आलं. मी खडूताईकडे पाहिलं. तिने पंप सुरू केला.

नवी मापं, नवे फोटो, नवा हिशेब, यात आणखी काही दिवस गेले. ते दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. नशिबाने वादळ आलं नाही. पुन्हा त्याच बोळात मी बसले, पुन्हा गाऊन घेतले. जाड दार बंद झालं. या वेळी आतला फोटो जुळला, हे खडूताईने दाराबाहेर डोकावून अंगठ्याने सांगितलं. यंत्र चालू असेपर्यंत डबीचं झटके देणं बंद ठेवावं लागतं, म्हणून ठोकेबाई स्वतः काचेपलीकडे पडद्यावरच्या ठोक्यांवर डोळे लावून बसल्या होत्या. माझे टाके वाकडे पडत होते. एका पँटची पट्टी दुमडायला, काज करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला असेल. मग दार उघडलं आणि मास्तर आपल्या पायांनी चालत बाहेर आले, गाऊनची नाडी बांधत.

मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. मार्करच्या रेघा तेवढ्या होत्या. एक चिरा नाही, एक टाका नाही. कापल्याशिवाय आणि शिवल्याशिवाय काही दुरुस्त होतं, हे माझ्या धंद्यात कोणाला पटायचं नाही. ठोकेबाई, डॉक्टर, खडूताई, सगळे समोर उभे होते. मला त्यांना खूप काही म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच की तुमच्या गाऊनच्या नाड्या फार वाईट शिवल्यात. खडूताईने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली की हो काकू, आम्हाला कळलं.

बाईंनी आधीच बजावलं होतं की गुण लगेच दिसणार नाही, वणाला निवायला काही आठवडे लागतात, तोवर झटका आला तरी खचू नका. तरी तो आला तेव्हा आम्ही खचलोच. मास्तर कापड बेतत होते, कात्री हातातून पडली, आणि ते जमिनीवर बसून राहिले. म्हणाले की झालं, हेही वाया गेलं. मी त्यांना तसंच रिक्षात घालून नेलं. ठोकेबाईंनी डबीवर यंत्र धरून आतली सगळी नोंद काढली आणि आम्हाला दाखवली. पूर्वी वादळं किती, आता किती, ठोके कुठे सुटतात आणि डबी त्यांना झटक्याशिवाय कशी आवरते. हा उतार आहे, त्या म्हणाल्या, धीर धरा. त्या दिवशीही त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर झटका आला नाही. मी ते मोठ्याने म्हणत नसे, दृष्ट लागेल म्हणून. मास्तरांना थोडे दिवस खोकला झाला, थकवा होता, तो गेला. सुजेची तपासणी झाली, सूज निवलेलीच होती. ठोकेबाईंनी पुन्हा डबी वाचली आणि पडद्याकडे बघून नुसत्या हसल्या. किती महिने डबीला हात उचलावा लागला नव्हता. बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवर बसले आणि लोक बघत असताना पोटभर रडले. मला ज्यांची तोंडंही माहीत नाहीत, अशा माणसांची आठवण येत होती. हा उपचार नवा असताना ज्यांनी यंत्राखाली पाठ टेकली, काय होईल याची कोणी खात्री देत नसताना, ते कोण होते कोण जाणे. त्यांतले काही वाचले असतील, काही नसतीलही. त्यांच्यामुळे मास्तरांची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी ठाऊक होत्या. मी त्या सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानले, आणि घरी येऊन शिलाई मशीन लावलं. त्या विभागासाठी आम्ही गाऊन शिवायला घेतले, मास्तरांनी बेतलेले, पुढून उघडणारे, म्हणजे तारा चिकटवताना माणूस उघडा पडत नाही. नाड्यांना दुहेरी टाका मी घातला.

एवढं सगळं होऊनही घडीची खाट दुकानातच होती. मी विचारलं नाही. भांडले नाही, हे विशेष. गोळ्यांनी त्यांचं अंग सुटलं होतं आणि जुने शर्ट छातीवर ताणत होते, तरी नवा शिवू का म्हटलं की ते विषय बदलायचे.

मग एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्यांनी स्वतःच फळीवरून ते फिकट निळं कापड काढलं. घडीवर धूळ बसली होती, ती झटकली. कापड टेबलावर ठेवलं, आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि हात बाजूला केले. मी गळ्यातली टेप काढली. कोणती फजिती सांगून त्यांना हसवावं, असा विचार करत होते. पण आरशात पाहिलं तर खांदे खाली होते, पोट जागेवर होतं, आणि ते श्वास घेत होते, सावकाश, नेहमीच्या माणसासारखे.

मी छातीभोवती टेप फिरवली. माझेच हात आखडले. तेव्हा ते म्हणाले, "अगं, दोन बोटं ठेव आत. शर्ट घट्ट होईल नाहीतर."

मी दोन बोटं आत सरकवली. बोटांखाली ते लागलं. एक ठोका, मग एक, मग एक. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मी तशीच उभी राहिले. रस्त्यावरून कोणीतरी गेलं, आम्हाला आरशात बघून पुढे सरकलं, आणि मास्तर हलले नाहीत.

"किती भरलं?" त्यांनी विचारलं.

मी आकडा पाहिलाच नव्हता. म्हटलं, पुन्हा घ्यावं लागेल.

"घे," ते म्हणाले. "मी उभा आहे."